उपांत्य फेरीचं भाकीत : आधी बघा, कोण खेळणार नाही

फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. तोवर ऑफसाइडचा नियम, डावपेच, जुने खेळाडू असं बरंच काही विचारलं जातं. आता सगळ्यांना एकच हवं असतं : कोण जिंकणार? मी बरीच वर्षं मध्यरक्षक म्हणून खेळले, पुढे मुलींच्या संघांना शिकवलं, आणि मोठ्या स्पर्धांच्या उपांत्य सामन्यांची वही ठेवत आले. त्या वहीच्या आधारानं या वेळची उत्तरं देते. वेगळं म्हटलं नसेल तिथे आकडे पुरुषांच्या विश्वचषकाचे, १९९० ते २०२२ या नऊ स्पर्धांचे आहेत.

प्रश्न : ताई, गटसाखळीत माझे अंदाज छान जमतात. बाद फेरीतही बरे असतात. उपांत्य फेरीला मात्र सगळं फिसकटतं. माझं काय चुकतं?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, सामन्याची जातच बदलते. गटसाखळीत दोन संघांच्या ताकदीत पुष्कळदा मोठी तफावत असते, त्यामुळे डोळे मिटून बलाढ्य संघ निवडला तरी बरेच सामने बरोबर येतात. शेवटच्या चारांत पोचेपर्यंत ती तफावत गाळली गेलेली असते.

या नऊ विश्वचषकांत अठरा उपांत्य सामने झाले. त्यांतले चार नव्वद मिनिटं आणि जादा अर्धा तास बरोबरीत राहून पेनल्टी शूटआऊटवर गेले आणि दहा एका गोलाच्या फरकानं सुटले. राहिले चार. त्यांत २००६चा इटली-जर्मनी सामना आहे. कागदावर तो २-० दिसतो, पण फाबिओ ग्रोसोचा पहिला गोल ११९व्या मिनिटाला झाला आणि देल पिएरोचा त्यानंतर, जादा वेळ संपता संपता. म्हणजे ११८ मिनिटं त्या सामन्यात गोलच नव्हता. २०२२ला फ्रान्सनं मोरोक्कोला २-० हरवलं, पण ७९व्या मिनिटापर्यंत तिथेही एकाच गोलाचं अंतर होतं. खऱ्या अर्थानं एकतर्फी म्हणावे असे दोनच उरतात : २०१४चा जर्मनी-ब्राझील ७-१ आणि २०२२चा अर्जेंटिना-क्रोएशिया ३-०.

ज्या फेरीत अठरांपैकी चौदा सामने एका गोलावर किंवा शूटआऊटवर ठरतात, तिथे ‘हाच संघ जिंकणार’ असं ठासून सांगण्यात अर्थ नाही. म्हणून मी संघाचं नाव नुसतं लिहीत नाही, त्यापुढे टक्के लिहिते. बहुतेक उपांत्य सामन्यांना माझा आकडा ५५ किंवा ५८ असतो. ६५च्या वर जायचं झालं तर एक नेमकं कारण सापडावं लागतं. ‘मोठा संघ आहे’ हे कारण नव्हे, कारण समोरचाही इथवर आलेला असतो.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. ज्या संघाचा फॉरवर्ड भारी असतो तो संघ मी निवडतो. बरोबर आहे ना?

उत्तर : बाळा, फॉरवर्ड बघायला मलाही आवडतो. पण भाकीत करताना मी आधी बघते की कोण खेळणार नाही, आणि त्यातही बचावफळीतलं आणि मधल्या फळीतलं कोण.

२०१४ची गोष्ट तुझ्या जन्माच्या आसपासची, म्हणून नीट सांगते. उपांत्यपूर्व सामन्यात कोलंबियाविरुद्ध ब्राझीलच्या नेमारच्या मणक्याला दुखापत झाली. पुढचे चार दिवस जो तो नेमारबद्दल बोलत होता. बेलो होरिझोन्तेच्या मैदानावर राष्ट्रगीताच्या वेळी डेव्हिड लुईझ आणि गोलरक्षक जुलिओ सेझार यांनी त्याचा शर्ट हातात धरला होता. पण त्याच सामन्यात कर्णधार थियागो सिल्वालाही स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं होतं आणि तोही उपांत्य सामन्याला मुकणार होता. बचावाला जागा लावून देणारा, सहकाऱ्यांना मागे ओढणारा माणूस तो होता. त्याच्या जागी दांते आला, शेजारी पुढे धावत जायची सवय असलेला लुईझ. जर्मनीच्या मुलरनं ११व्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला तेव्हा त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. मग २३व्या ते २९व्या मिनिटापर्यंत चार गोल झाले : क्लोजे, क्रोस, पुन्हा क्रोस, खेदिरा. नेमार असता तर ब्राझीलनं कदाचित आणखी एखादा गोल केला असता. ते चार गोल अडवायला मात्र सिल्वाच लागला असता.

याचा अर्थ पुढचा खेळाडू बिनमहत्त्वाचा, असा नाही. २०१०ला जर्मनीनं इंग्लंडला चार आणि अर्जेंटिनाला चार गोल मारले होते. अर्जेंटिनाविरुद्ध थॉमस मुलरला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि स्पेनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो बाहेर बसला. जर्मनीला एकही गोल करता आला नाही. १९८२ला पोलंडचा बोनिएक असाच कार्डांमुळे इटलीविरुद्ध नव्हता, आणि पोलंड ०-२ हरला.

कार्डांचा नियम लक्षात ठेव. २०१०च्या विश्वचषकापासून उपांत्यपूर्व फेरी संपल्यावर एकटं पिवळं कार्ड पुसलं जातं. त्याआधी तसं नव्हतं. त्यामुळे १९९०ला अर्जेंटिनाचा कानिजिया आणि २००२ला जर्मनीचा बालाक उपांत्य सामना जिंकूनही अंतिम सामन्यात खेळू शकले नाहीत. आता धोका आहे तो उपांत्यपूर्व सामन्यात दुसरं कार्ड मिळण्याचा. सिल्वा आणि मुलर दोघेही तिथेच अडकले. म्हणून उपांत्यपूर्व सामने बघताना गोल जसे टिपून ठेवतोस तशी कार्डंही टिपून ठेव.

प्रश्न : तुमचं म्हणणं पटतं, पण २०२४च्या युरोत (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) फ्रान्सविरुद्ध स्पेनचे तीन खेळाडू नव्हते आणि तरी स्पेनच जिंकला. मग हा निकष कसा टिकणार?

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. कार्वाहाल आणि ल नोरमां निलंबित होते, पेद्री जर्मनीविरुद्ध जखमी झाला होता. दोन बचावपटू आणि एक मध्यरक्षक, म्हणजे मी वर ज्या जागा सांगितल्या त्याच. कोलो मुआनीनं नवव्या मिनिटाला फ्रान्सला आघाडीही मिळवून दिली. मग सोळा वर्षांच्या लामिन यमालनं पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला चेंडू गोलात गेला आणि चार मिनिटांनी दानी ओल्मोचा गोल. ओल्मो पेद्रीच्या जागी खेळत होता!

म्हणून निकषाला दुसरा अर्धा भाग जोडायला हवा : जागी कोण येणार, आणि त्यामुळे बाकीच्यांना जागा बदलावी लागणार का? स्पेनकडे त्याच कामाची माणसं होती. उजव्या बाजूला अडतीस वर्षांचा खेसूस नावास आला, मध्ये नाचो, पुढे ओल्मो. संघाची मांडणी हलली नाही. मध्यरक्षक रोद्री होता तिथेच होता. २०२२च्या मोरोक्कोचं नेमकं उलट झालं. उपांत्य फेरीपर्यंत पाच सामन्यांत त्यांच्यावर एकच गोल झाला होता आणि तोही कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल. फ्रान्सविरुद्ध बचावपटू अगुएर्द यादीत होता, पण सामना सुरू होण्याआधी माघारी गेला. कर्णधार साईस दुखापत घेऊनच उतरला आणि २१व्या मिनिटाला बाहेर आला. मजरावी मध्यंतरानंतर परतला नाही. त्या बचावफळीनं अख्खी स्पर्धा तोलून धरली होती आणि ती एका संध्याकाळी विस्कटली. तरी मोरोक्को त्या सामन्यात झुंजला, हे माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : आधीच्या फेरीत १२० मिनिटं खेळलेल्या संघाविरुद्ध डोळे झाकून पैज घ्यावी का?

उत्तर : पैज तर घेऊच नका. इथे जे लिहिते ते खेळ समजून घेण्यासाठी, पैसे लावण्यासाठी नाही.

थकव्याबद्दल बोलायचं तर २०१८चा क्रोएशिया आठवा. डेन्मार्कविरुद्ध १२० मिनिटं आणि शूटआऊट, रशियाविरुद्ध पुन्हा तेच. उपांत्य सामन्यात पाचव्या मिनिटाला ट्रिपिअरच्या फ्री किकवर इंग्लंड पुढे. सगळ्या हिशेबानं क्रोएशिया दमायला हवा होता. झालं उलटं : ६८व्या मिनिटाला पेरिसिच, १०९व्या मिनिटाला मांजुकिच, आणि इंग्लंड घरी. क्रोएशियाची मधली फळी, म्हणजे मोद्रिच, राकितिच, ब्रोझोविच, चेंडू स्वतःजवळ ठेवून दम घेत होती. चेंडूमागे धावणारा जास्त दमतो. तेव्हा किती मिनिटं झाली एवढंच मोजू नका. ती मिनिटं चेंडूसह गेली की चेंडूशिवाय, तेही बघा. दोन सामन्यांमध्ये तीन दिवस होते की चार, हेही बघा. शिवाय आता पाच बदली खेळाडू मिळतात, त्यामुळे मोठ्या राखीव फळीचा संघ थकवा बराच झाकू शकतो. २०२२ला क्रोएशिया जपान आणि ब्राझील असे दोन शूटआऊट जिंकून आला आणि अर्जेंटिनासमोर पडला. पण अर्जेंटिनाही नेदरलँड्सविरुद्ध शूटआऊट खेळूनच आला होता. माझ्या आकड्यात थकव्याचे दोन-तीन टक्केच असतात.

प्रश्न : यजमान संघ उपांत्य फेरीत असेल तर? आणि पहिल्यांदाच तिथे पोचलेला छोटा संघ असेल तर? माझं मन नेहमी छोट्या संघाकडे जातं.

उत्तर : यजमानांचा हिशेब ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. १९९० इटली, १९९८ फ्रान्स, २००२ दक्षिण कोरिया, २००६ जर्मनी, २०१४ ब्राझील असे पाच यजमान उपांत्य फेरीत पोचले, पुढे गेला एकटा फ्रान्स. तोही लिलियाँ तुरामच्या दोन गोलांवर. १४२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्या बचावपटूनं केलेले हे दोनच गोल!

पहिल्यांदा शेवटच्या चारांत आलेले संघ या काळात पाच : बल्गेरिया, क्रोएशिया, दक्षिण कोरिया, तुर्की, मोरोक्को. एकेकदा स्पर्धा हलवून सोडली त्यांनी, पण पाचही उपांत्य फेरीत हरले, त्यांतले चार एकाच गोलानं. (स्पेनला यात धरलेलं नाही. २०१०च्या आधी १९५०ला तो चौथा आला होता.) पाच उदाहरणांवरून कायदा बनत नाही. तरीही मन छोट्या संघाकडे जात असेल तर खुशाल जाऊ द्या. प्रेम एका पानावर ठेवा आणि टक्के दुसऱ्या. माझं स्वतःचं तसंच आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात अचूक गोलसंख्या सांगायची स्पर्धा असते. काय लिहावं?

उत्तर : आधी नियम विचारा, नाहीतर शेवटी भांडण ठरलेलं. गोलसंख्या ९० मिनिटांची धरणार की १२० मिनिटांची? शूटआऊटचे गोल सामन्याच्या गोलांत धरत नाहीत हे सगळ्यांना मान्य आहे ना?

नियम ९० मिनिटांचा असेल तर दोनच उत्तरांचा विचार करा. अठरांपैकी सहा सामने १-० सुटले. सहा सामने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरीत होते, त्यांतले चार १-१ आणि दोन ०-०. म्हणजे १-० आणि बरोबरी मिळून दोन तृतीयांश सामने झाले. लोक मात्र ३-१ नाहीतर ३-२ लिहितात, कारण त्यांना तसा सामना बघायचा असतो. शूटआऊट सोडून उरलेल्या चौदा सामन्यांत नऊ वेळा हरणाऱ्याला एकही गोल करता आला नाही, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सामना सुरू झाल्यावर भाकीत बदलणं लबाडी आहे का? पहिला गोल झाला की माझा भाऊ लगेच बाजू बदलतो.

उत्तर : लबाडी नाही, फक्त आधीचा आकडा खोडू नका, त्याखाली वेळ टाकून नवा लिहा. पहिल्या गोलाचं वजन खरोखर मोठं आहे. अठरांपैकी एका सामन्यात (२०१४, अर्जेंटिना-नेदरलँड्स) १२० मिनिटांत गोलच झाला नाही. उरलेल्या सतरांत पहिला गोल करणारा संघ चौदा वेळा अंतिम फेरीत गेला. अपवाद तीन : १९९०चा इटली, १९९८चा क्रोएशिया, २०१८चा इंग्लंड. क्रोएशियाची आघाडी तर जेमतेम मिनिटभर टिकली, शुकरच्या गोलामागोमाग तुराम आलाच.

पण आता युरो बघा. २०२४ला फ्रान्स आणि नेदरलँड्स दोघांनी पहिला गोल केला, दोघेही १-२ हरले. त्याआधीच्या युरोत डेन्मार्कनं वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध पहिला गोल केला आणि जादा वेळेत सामना गमावला. म्हणजे चारांपैकी तीन वेळा उलट. तुमच्या भावानं बाजू बदलावी, पण ५५वरून थेट ९५वर उडी मारू नये. पहिल्या वीस मिनिटांतल्या गोलाला मी साधारण ७० देते, सत्तराव्या मिनिटानंतरच्या गोलाला ८५.

प्रश्न : शूटआऊट म्हणजे नाणेफेकच ना? आणि पहिली किक घेणाऱ्याला फायदा असतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : या काळातल्या चार उपांत्य शूटआऊटांत पहिली किक घेणारे संघ होते इटली आणि इंग्लंड (१९९०), ब्राझील (१९९८), नेदरलँड्स (२०१४). जिंकला फक्त ब्राझील. त्यामुळे पहिल्या किकच्या भरवशावर मी माझा आकडा हलवत नाही.

गोलरक्षकाकडे मात्र जरूर बघते. अर्जेंटिनाचा गोयकोचिया १९९०च्या स्पर्धेत राखीव गोलरक्षक होता. मुख्य गोलरक्षक पुंपिदोचा पाय मोडल्यामुळे तो आत आला आणि नेपल्समध्ये दोनादोनी आणि सेरेना यांच्या किक अडवून यजमानांना बाहेर काढलं. १९९८ला ब्राझीलच्या ताफारेलनं दोन अडवल्या, २०१४ला अर्जेंटिनाच्या रोमेरोनं दोन. त्या २०१४च्या सामन्यात आणखी एक धडा आहे. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी शूटआऊटसाठी शेवटच्या क्षणी राखीव गोलरक्षक टिम क्रुलला आत आणलं आणि कोस्टा रिकाविरुद्ध जिंकले. उपांत्य सामन्यात तीनही बदल आधीच वापरून झाले होते. क्रुल बाहेर बसून राहिला, सिलेसन गोलात उभा राहिला, आणि अर्जेंटिनाच्या चारही किक गोलात गेल्या. जादा वेळ चालू असताना कुणाकडे किती बदल शिल्लक आहेत ते मोजायला विसरू नका.

प्रश्न : २०१०ला पॉल नावाच्या ऑक्टोपसनं सगळी भाकितं बरोबर सांगितली. मग अभ्यासाचा उपयोग काय?

उत्तर : त्यानं जर्मनीचे सात सामने आणि अंतिम सामना मिळून आठपैकी आठ बरोबर निवडले, उपांत्य फेरीत स्पेनसुद्धा. दोन संघांच्या दोन पेट्यांतून एक निवडताना आठही बरोबर यायची शक्यता २५६ मध्ये एक. जगभर अशी निवड करणारे शेकडो प्राणी आणि माणसं असतील, तर कुणाचं तरी जमणारच, आणि ज्याचं जमतं त्याचंच नाव आपल्यापर्यंत पोचतं.

भाकीत करणारा चांगला की नशीबवान हे तपासायची एक सरळ रीत आहे. अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५०ला ती हवामानाच्या अंदाजांसाठी मांडली. तुम्ही ६० टक्के म्हणालात आणि तो संघ जिंकला, तर चूक ०.४०, तिचा वर्ग ०.१६. हरला तर चूक ०.६०, वर्ग ०.३६. हे गुण जितके कमी तितकं चांगलं. दर वेळी ५०-५० म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात. ९० टक्के छातीठोक म्हणून हरलात तर ०.८१. काही स्पर्धांची सरासरी काढा. ती ०.२५च्या खाली असेल तर तुम्हाला सामना काहीतरी सांगतो आहे. माझ्या विद्यार्थिनी हे करतात आणि पाच-सहा सामन्यांतच त्यांचे ९० आणि ९५ आपोआप ६०वर येतात.

अंतिम आकडा मात्र संघयादी जाहीर झाल्यावरच लिहा. ती सामन्याच्या तासभर आधी येते, आणि अगुएर्दसारखं कुणी त्यानंतरही माघारी जाऊ शकतं.

प्रश्न : आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना? त्यालाही हेच निकष लावायचे?

उत्तर : नाही, तिथे सगळं वेगळं. हरलेले दोन संघ मोकळेपणानं खेळतात, राखीव खेळाडूंना संधी मिळते, बचाव सैल असतो. या नऊ स्पर्धांतला एकही तिसऱ्या क्रमांकाचा सामना जादा वेळेत गेला नाही, आणि नऊ सामन्यांत मिळून ३२ गोल झाले. २००२ला तर तुर्कीच्या हाकान शुकुरनं कोरियाविरुद्ध अकरा सेकंदांत गोल केला होता. कार्यालयातल्या स्पर्धेत या सामन्याला १-० लिहू नका.